‘हॅव’ आपलंसं करताना

अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या माणसाला मुलाखतीच्या दिवशी इंग्रजीतलं एक वाक्य वाचून दाखवावं लागतं आणि एक वाक्य ऐकून लिहावं लागतं. दोन्हींसाठी तीन-तीन संधी मिळतात. त्यांतली एक साधली की काम झालं. या वाक्यांत कोणते शब्द येऊ शकतात याची यादी सरकारने जाहीर केलेली आहे. वाचनाच्या यादीतली क्रियापदं पाहिली तर जेमतेम डझनभर भरतात, आणि सगळी रोजच्या वापरातली: येणं, राहणं, भेटणं, पैसे भरणं, मत देणं. त्यांतच ‘हॅव’ आणि ‘हॅज’ आहेत. आमच्याकडे न्यू जर्सीत शनिवारी सकाळी ग्रंथालयात काही मराठी वडीलमंडळी इंग्रजी बोलण्याच्या सरावाला जमतात आणि मी त्यांच्यासोबत बसते. ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि ‘काँग्रेस’ हे लांबलचक शब्द ही मंडळी बघता बघता पाठ करतात. अडखळतात ती या चिमुकल्या ‘हॅव’पाशी.

त्यांचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं, असं कोणी समजू नये. आमच्या गटात निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, बँकेत हयात घालवलेले आहेत, जिल्हा परिषदेत अहवाल लिहिलेले आहेत. मुंबई राज्यात काही वर्षं इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. इतकी उशिरा सुरुवात होऊनही त्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मेहनत घेऊन व्याकरण पक्कं केलं. कर्तरीचं कर्मणी करायला सांगा, आजही एका दमात करून दाखवतील. पण कागदावरचं इंग्रजी वेगळं आणि समोरच्या माणसाच्या तोंडून भरभर येणारं इंग्रजी वेगळं. ‘हॅव’मध्ये हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

याचं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत ‘हॅव’चं काम करणारं एकच एक क्रियापद नाही. आपण ‘असणे’वर भागवतो आणि कोणाचं काय आहे ते प्रत्ययांनी सांगतो. मला दोन मुलगे आहेत. माझ्याकडे गाडी आहे. आत्ता माझ्याजवळ सुटे पैसे नाहीत. घराला तीन खिडक्या आहेत. तिच्यात धीर आहे. त्याचं पुण्यात घर आहे. नातं निराळं, मालकी निराळी, त्या घटकेला हाताशी असणं निराळं, अंगचा गुण निराळा, आणि प्रत्येकाची मराठीने वेगळी सोय केली आहे. इंग्रजी ही सगळी कामं एकट्या ‘हॅव’कडून करून घेते. संस्कृतातही ‘मम’ म्हणून पुढे ‘अस्ति’ म्हणण्याची रीत होती. रशियन माणूसही ‘माझ्यापाशी आहे’ अशाच धर्तीवर बोलतो. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1960 च्या आपल्या निबंधात दाखवून दिलं, की ‘हॅव’सारखं क्रियापद सगळ्या भाषांत असतंच असं नाही, ‘अमक्याला अमुक आहे’ ही आपल्यासारखी रचनाच जगात जास्त पसरलेली आहे. ‘हॅव’चं मूळ पकडणं, हाती घेणं या अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे. पुढे ते मालकीला लागलं, मग नात्याला, आजाराला, जेवणाला, कर्तव्याला. आमच्या काका-काकूंना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण आपण अडखळतो त्यामागे काही कारण आहे हे कळलं की माणसाची भीड कमी होते.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’. ‘मला दोन मुलगे आहेत’ यातला ‘आहेत’ डोक्यात घोळत असतो, म्हणून तोंडातून बहुधा आधी ‘ॲम’ निघतं आणि मागोमाग ‘हॅविंग’. भारतात या वाक्याने कोणाचं काही अडत नाही. मुंबईत जन्मलेले आणि तिथेच इंग्रजी शिकवलेले कवी निस्सीम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत आपल्याकडचं हे ‘-इंग’वालं बोलणं टिपून ठेवलं आहे. अमेरिकन कानाला मात्र या वाक्यातून भलतंच ऐकू येतं. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल होणार आहे. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ ऐकणारा क्षणभर गोंधळतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ पाहून आपला माणूस पुढचं वाक्य गिळून टाकतो. मला खंत वाटते ती या गिळलेल्या वाक्याची.

पुस्तकी नियम असा, की स्थिती सांगताना साधं ‘हॅव’ आणि कृती सांगताना ‘हॅविंग’. तो ऐकून मान डोलावली जाते, पण बोलताना आठवत नाही. त्यापेक्षा मराठीच्या आधाराने गेलेलं बरं. आपल्या वाक्यात नुसतं ‘आहे’ असेल तर ‘हॅव’: मला मधुमेह आहे, आय हॅव डायबेटिस. मला शंका आहे, आय हॅव अ क्वेश्चन. मला एक बहीण आहे, आय हॅव अ सिस्टर. आपल्या वाक्यात काही ‘चाललंय’, ‘होतंय’ किंवा ‘येणारंय’ असेल तर ‘हॅविंग’ चालतं: आमचं जेवण चाललंय, वी आर हॅविंग लंच. रात्री पाहुणे येणारेत, वी आर हॅविंग गेस्ट्स टुनाइट. श्वास घ्यायला त्रास होतोय, आय ॲम हॅविंग ट्रबल ब्रीदिंग. ही खूण शंभर टक्के लागू पडते असं नाही. ‘डोकं दुखतंय’ला ‘आय हॅव अ हेडेक’ हेच रुळलेलं आहे. तरी रोजच्या व्यवहारातली बरीच वाक्यं या एका खुणेने सरळ होतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते दोन वाक्यांवरून समजतं. ‘आय हॅव हार्ट डिसीज’ म्हणजे मला हृदयविकार आहे, जुनाच. ‘आय ॲम हॅविंग चेस्ट पेन’ म्हणजे या क्षणी छातीत दुखतंय, ताबडतोब या. 911 ला फोन लावल्यावर पहिल्या वाक्यात कोणतं क्रियापद आलं यावर पलीकडच्या माणसाला प्रसंग कळतो. ही दोन वाक्यं देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा, असं मी प्रत्येक घरी सांगते. खाली घराचा पत्ताही लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला आपलाच पत्ता आठवत नाही.

गटातल्या एका काकूंची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. रक्ततपासणीला गेल्या होत्या. लेक गाडी लावायला गेली आणि तेवढ्यात आतून नाव पुकारलं. नर्सने हसून विचारलं, ‘हॅव यू हॅड एनीथिंग टु ईट धिस मॉर्निंग?’ काकूंना ‘एनीथिंग टु ईट’ स्वच्छ ऐकू आलं. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला ‘काही खाणार का?’ विचारतात, तसंच ही मुलगी विचारते आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी आदबीने सांगितलं, ‘नो, थँक यू.’ नर्सने उपाशीपोटी अशी नोंद केली. काकूंनी सकाळी साखरेचा चहा आणि मारी बिस्किटं घेतली होती. अहवालात साखर चढलेली दिसली आणि गोळीचा डोस वाढवण्याची भाषा सुरू झाली. लेकीला राहवलं नाही, तिने खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तपासणी पुन्हा करावी लागली. नर्सने प्रश्न बरोबर विचारला होता आणि काकूंनी ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तरही चोख दिलं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिलं. त्यात दोन ‘हॅव’ आहेत. दुसरं, म्हणजे ‘हॅड’, खाण्याचं. पहिलं फक्त काळ सांगणारं, आणि अमेरिकन माणूस ते इतकं हलकं उच्चारतो की ‘ह’ उडून जातो आणि कानावर पडतं ते ‘अव्ह्यू हॅड’. मग मराठी वाक्य शेजारी लिहिलं: तुम्ही काही खाल्लं आहे का? काकू थोडा वेळ दोन्ही ओळी पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे हे पुढचं हॅव म्हणजे आपलं शेवटचं आहे. अहो, पूर्ण वर्तमानकाळ म्हणून हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. पण मला कोणी असं विचारलंच नव्हतं कधी.’ मला वाटतं, सगळी अडचण त्यांच्या या शेवटच्या वाक्यात आहे. नियम माहीत होता. तो नियम घेऊन समोर उभं राहणारं माणूस कधी भेटलं नव्हतं.

मग आम्ही तोच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारून पाहिला. दवाखान्यात ‘हॅव यू हॅड युअर फ्लू शॉट?’, फार्मसीत ‘हॅव यू टेकन धिस बिफोर?’, विमानतळावर ‘हॅव यू पॅक्ड युअर ओन बॅग्ज?’. प्रत्येक ठिकाणी मनातल्या मनात वाक्याच्या शेवटी ‘आहे का’ जोडायचं आणि मग उत्तर द्यायचं: येस, आय हॅव. नो, आय हॅवन्ट. अमेरिकन माणसं पुष्कळदा ‘हॅव यू ईटन?’ऐवजी ‘डिड यू ईट?’ असंही विचारतात, तेही कानाला लावून घ्यावं लागतं. एक सापळा मात्र उलटा आहे. ‘मी त्यांना काल भेटले आहे’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत ‘काल’ आलं की ‘हॅव’ जायला हवं: आय मेट हिम येस्टरडे. डॉक्टरांना तारीखवार दुखणं सांगताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

नागरिकत्वाच्या मुलाखतीत तर या रचनेची रांगच लागते. एन-400 हा अर्ज ज्यांनी भरला आहे त्यांना आठवत असेल, की त्यात ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणारे कितीतरी प्रश्न आहेत आणि त्यांतलं ‘एव्हर’ ठसठशीत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तुम्ही कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवून घेतलं आहे का? तुम्हाला कधी अटक झाली आहे का? अधिकारी हेच प्रश्न तोंडी विचारतो आणि अर्जदाराला इंग्रजी बोलता येतं की नाही हेही याच बोलण्यावरून ठरवतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना वीस वर्षांचं आणि पंचावन्न ओलांडलेल्यांना पंधरा वर्षांचं ग्रीन कार्ड असेल तर इंग्रजीची अट माफ होते. पण मुलांच्या मागोमाग साठीनंतर आलेल्या आईवडिलांची एवढी वर्षं कुठून भरणार? त्यांना मुलाखत इंग्रजीतच द्यावी लागते. सवयीने मान हलवून ‘येस, येस’ म्हणण्याची आपली रीत इथे महागात पडू शकते. प्रश्न समजला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे, हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगते.

मुलाखतीच्या या खुर्चीपर्यंत पोचणं आपल्या लोकांना कायम खुलं नव्हतं, हेही विसरू नये. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं होतं. ते दार 1946 च्या ल्यूस-सेलर कायद्याने उघडलं. आज आपल्या आजी-आजोबांना तिथे बसायची संधी आहे, तर एका क्रियापदापायी त्यांची छाती धडधडू नये यासाठी थोडी मेहनत आपण घ्यायलाच हवी.

कानाच्या तयारीत आणखी एक गोष्ट येते. ‘लागणं’ या अर्थाचं ‘हॅव टु’ बोलताना ‘हॅफ टु’ होतं आणि ‘हॅज टु’चं ‘हॅस टु’. आपल्याकडे जसं लिहिलं तसं वाचायची सवय, त्यामुळे ‘यू हॅफ टु साइन हिअर’ ऐकलं की काकांना वाटतं, निम्मी सही करायची आहे की काय. हे एकदा सांगितलं की कायमचं समजतं. मग वाक्यं आपोआप जुळतात: मला जावं लागेल, आय हॅव टु गो. त्यांना वाट पाहावी लागली, दे हॅड टु वेट. वस्तू मागतानाही अमेरिकन वळण वेगळं आहे. जुन्या पुस्तकांतलं ‘हॅव यू अ पेन?’ इथे कोणी म्हणत नाही. ‘डू यू हॅव अ पेन?’ म्हणतात. दुकानात ‘डू यू हॅव धिस इन मीडियम?’ एवढं धिटाईने विचारता आलं, की सुनेला हाक मारायची गरज उरत नाही.

हीच अडचण घरातल्या धाकट्यांना उलट्या बाजूने येते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रयत्नांनी अमेरिकेत गावोगावी मराठी शाळा चालतात. तिथली मुलं ‘आय हॅव अ ग्रँडमदर’ मनात धरून सांगतात, ‘माझ्याकडे एक आजी आहे.’ मराठी कानाला वाटतं, आजी सध्या यांच्या घरी राहायला आली आहे. ‘मला आजी आहे’ हे त्या मुलांच्या तोंडी बसायला तितकाच वेळ लागतो, जितका आजीच्या तोंडी ‘आय हॅव अ ग्रँडसन’ बसायला. म्हणून मी घरोघरी सुचवते, की दोघांना समोरासमोर बसवा. नातवाने इंग्रजी वाक्य म्हणायचं, आजीने मराठीत सांगायचं, मग उलट. बहीण, सायकल, सर्दी, भूक, वेळ, शंका: एकेक विषय घ्यायचा. ‘मला भूक लागली आहे’ इथे आलं की दोघांच्याही लक्षात येतं, ‘हॅव’ इथे मुळीच लागत नाही, ‘आय ॲम हंग्री’ म्हणायचं. चूक दाखवायची पाळी दोघांकडे आलटून पालटून येते, त्यामुळे कोणाचाच मान कमी होत नाही.

इंग्रजी सुधारा म्हटलं की काही जणांना तो मराठीपणावर घाव वाटतो. मला तसं वाटत नाही. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला निघाल्या, त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला लोकांसमोर इंग्रजीत उभ्या राहून आपण का जात आहोत हे त्यांनी स्वतः सांगितलं. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. 1886 मध्ये फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई पुढे याच देशात गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या, भारतातल्या विधवांसाठी मदत उभी केली आणि परत गेल्यावर अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. दोघींनीही इंग्रजी आत्मसात केलं ते आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून जाऊ नये म्हणून. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तेवढंच हवं असतं.

आणि इथे आपण मुलं कमी पडतो. दवाखान्यात नर्स आईकडे बघून विचारते आणि उत्तर आपण देतो. आईला किती दिवस दुखतंय, कुठे दुखतंय, भीती कशाची वाटते, हे सगळं आपल्या घाईतून गाळून पलीकडे पोचतं. आई हळूहळू प्रश्न ऐकायचंच सोडून देते. जिथे इंग्रजी खरोखर पुरत नाही तिथे दुभाषी मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी तो विनामूल्य दिला पाहिजे असा इथला कायदा आहे, आणि नाजूक दुखणं असेल तेव्हा मुलापेक्षा परका दुभाषी आईला सोयीचा वाटतो. पण जिथे ‘आय हॅव’च्या चार वाक्यांनी काम भागतं, तिथे मधे पडू नका.

या आठवड्यात एवढं करून पाहा. रोज जेवणाच्या टेबलावर आईबाबांना एक प्रश्न इंग्रजीत विचारा, अमेरिकन माणूस विचारतो त्याच वेगाने. हॅव यू टेकन युअर पिल्स? डू यू हॅव एनी पेन टुडे? डू यू हॅव टु गो एनीव्हेअर टुमॉरो? उत्तर पूर्ण वाक्यात येईपर्यंत थांबा. मधेच वाक्य पुरं करून देऊ नका. आणि पुढच्या वेळी खऱ्या नर्सने खरा प्रश्न विचारला की तुम्ही गप्प बसा. वाक्य थोडं वाकडं गेलं तरी चालेल, ते घरी आल्यावर सरळ करता येईल. अर्थ चुकतोय असं दिसलं तरच बोला, आणि तेव्हाही आधी मराठीत आईला विचारा, मग तिलाच पुन्हा सांगू द्या.